कुलपात अडकलेले भावोजी

तीर्थरूप आक्का,

खट्. जरा थांबून पुन्हा खट्. आणि आई व आपण भावंडं रस्त्याला लागल्यावर एकटेच मागे जाऊन आणखी एकदा खट्. दादा घराला कुलूप लावून ते ओढून बघायचे, तो आवाज आज सकाळपासून माझ्या कानात आहे, म्हणून नमस्काराच्या आधी तोच कागदावर उतरला. आता नमस्कार. गुडघे कसे आहेत? (डॉक्टरांचं मत नको, तुझं कळव.) रक्तदाबाची गोळी जेवणाआधी की नंतर, यावर तुझं आणि सूनबाईंचं एकमत झालं का? इकडे तुझी भावजय बरी आहे, मीही बरा आहे. यातलं दुसरं वाक्य तिला मान्य नाही.

भावोजींचा आवाज असलेला तो प्लेअर मी अजून का पाठवला नाही, हे तू फोनवरही विचारलंस आणि पत्रातही. भावोजी गेल्यापासून तू माझ्याकडे दुसरं काहीच मागितलेलं नाहीस. तेव्हा उत्तर नीट द्यायला हवं, आणि नीट द्यायचं तर मुळापासून द्यायला हवं. तुम्ही दोघं शेवटचे आमच्याकडे राहायला आला होतात तेव्हा त्यांनी गॅलरीत बसून शाळेतली ती नदीची कविता म्हटली. (आमचं नातं मेहुण्या-भावोजींचं कमी आणि एका बाकावरच्या पोरांचं जास्त होतं. तू आणि ही बाजारभावाबद्दल बोलायचात, आम्ही यमकांबद्दल.) माझ्या त्या खिशातल्या यंत्रात आवाज भरून घ्यायची सोय आहे. त्यांना न सांगता मी तो भरून घेतला. त्यांचा आवाज आता तेवढाच, तेवढ्याच जागी आहे, हे तुला माहीत आहेच.

या यंत्राच्या कडेला नखाएवढं सरकतं बटण आहे. ते सरकवलं की कुलूप लागतं, म्हणजे बाकीची बटणं खिशात चुकून दाबली गेली तरी काही होत नाही. पडद्यावर इवलंसं कुलूपही उमटतं. (आपल्या पाठ्यपुस्तकात कुलपावर एकही कविता नव्हती, हे तुझ्या कधी लक्षात आलं का? झरे, पाखरं, ढग, आई, सगळं होतं. कुलूप नाही. कवींच्या घरात चोरण्यासारखं काही नसावं.) आता दादांच्या घरात वाढलेल्या माणसाने कुलूप दिसल्यावर काय करावं, तूच सांग. मी ते लावलं आणि ओढून बघितलं. तूही तेच केलं असतंस. आपली धाकटी बहीण तर लिफ्टचं दार लागल्यावर ओढून बघते आणि आतली माणसं घाबरतात. मी पुन्हा ओढलं, मग खात्रीसाठी आणखी एकदा, आणि बटणाची टोपी सैल झाली. ती अजून जागेवर आहे, पुढे-मागे सरकतेही, पण तिच्याखाली जी खरी कळ आहे ती जागची हलत नाही.

हे झालं तेव्हा यंत्र स्पीकरला जोडलेलं होतं आणि त्यातून भावोजी कविता म्हणत होते. त्यामुळे ते म्हणतच राहिले. संपली की पुन्हा पहिल्यापासून, कारण मी तशी सोय करून ठेवली होती. आवाज कमी होईना, थांबेना. स्पीकर कुठून वेगळा करायचा ते मला ऐन वेळी सुचेना, म्हणून सगळं तसंच उचलून गाद्यांच्या कपाटात ठेवलं, तर गाद्यांमधून नदी वाहू लागली. वरच्या मजल्यावरच्या निवृत्त शिक्षिकाबाई खाली आल्या. मला वाटलं आवाजाची तक्रार असेल. त्या म्हणाल्या, तुमचे ते गृहस्थ तिसरं कडवं दुसऱ्याच्या आधी घेतायत, तेवढं सुधारायला सांगा. मी हो म्हटलं. संध्याकाळी बॅटरी संपली आणि भावोजी एका शब्दाच्या मध्यावर थांबले. चार्ज करून पुन्हा लावलं, तर पडद्यावर कुलूप, आणि बाकी काही नाही.

मग उपाय सुरू झाले. जावई फोनवर म्हणाले, कॉम्प्युटरला जोडा, आतलं सगळं उतरवून घेता येईल. जोडलं. यंत्राने पडद्यावर विचारलं, जोडू का? आणि हो म्हणायचं बटण तर कुलपात. मग जावई म्हणाले, मागच्या भोकात टाचणी घाला, सगळं पहिल्यासारखं होईल. पहिल्यासारखं म्हणजे कसं, असं मी विचारलं. म्हणाले, कोरं. मी टाचणी डबीत परत ठेवली. कोपऱ्यावरच्या घड्याळवाल्याने डोळ्याला भिंग लावून बराच वेळ बघितलं आणि सांगितलं की उघडून देईन, परत बंद होईल याची खात्री देत नाही. मी यंत्र रुमालात बांधून घरी आणलं. एका दुपारी त्याच्यासमोर बसून तीच कविता मी स्वतः म्हणून बघितली, योग्य क्रमाने, म्हणजे निदान ऐकून तरी त्याला वाईट वाटेल. तुझ्या भावजयीने दारातून बघितलं आणि दार लोटून घेतलं, यावरून काय समजायचं ते तू समजशील.

शेवटी तिनेच चष्मा पुसला, बटणाची टोपी नखाने उचकटून काढली (मी तिकडे बघितलं नाही) आणि आतली कळ शिवणाच्या सुईने सरकवली. कुलूप गेलं. सुई काढली, कुलूप परत आलं. तेव्हा आता पद्धत अशी आहे की एकाने सुई दाबून धरायची आणि दुसऱ्याने बटण दाबायचं. भावोजी बोलू लागले की सुई काढली तरी चालते. आता तू एकटी, तुझ्या हाताला कंप, सूनबाई दिवसभर कामावर. अशा स्थितीत हे यंत्र पोस्टाने पाठवून काय उपयोग? तेव्हा उशिराचं कारण हे, आणि त्यात माझा काही दोष नाही, असं दादांनीही म्हटलं असतं.

तुझा आज्ञेतला,
भाऊ

ता. क. वरचं सगळं खरं आहे, पण कारण ते नाही. सुई धरून हो म्हणता येतं हे कळल्यावर जावयांनी इथे येऊन सगळं उतरवून घेतलं. त्याची प्रत माझ्या खणात पडून आहे. ती तुला कधीच पाठवता आली असती. तिला सुई लागत नाही.

ता. क. दुसरा. आक्का, उतरवून घेतल्यावर मी ते पहिल्यांदाच हेडफोन लावून ऐकलं. त्यात तूही आहेस; तुझं वाक्य स्पीकरवरही ऐकू यायचं, त्यापुढचं मात्र मी विसरूनच गेलो होतो. दुसऱ्या कडव्यापाशी ते अडतात, आणि आतून तुझा आवाज येतो, "येत नाही तर म्हणता कशाला? पुरे झालं आता." बराच वेळ नुसती गॅलरी ऐकू येते. आणि मग ते अगदी हळू मला म्हणतात, "बघितलंस? आतून ऐकतेय ती." आणि हसून तिसरं कडवं सुरू करतात. तुझं वाक्य मोठ्याने आहे, त्यांचं बारीक. मी तुला ओळखतो. एकटी ऐकत बसलीस तर तुझ्या वाक्यापाशी बंद करशील, आणि पुढचं तुला कधीच कळणार नाही. प्रत मध्येच थांबवता येते. हे बिघडलेलं यंत्र सुई काढल्यावर थांबवता येत नाही. म्हणून तू इथे यावंस, एवढंच मागायचं होतं. सुई माझ्या हातात राहील.

ता. क. तिसरा. थांब, कुणीतरी दार वाजवतंय. हिने उघडलं.

आवाज तुझा आहे. न कळवता, एकटी, त्या गुडघ्यांनी. तू बाहेरच्या खोलीत पाणी पितेयस आणि मी आत हे लिहितोय, कारण समोर बसून मला ते सांगता येणार नाही. हे पत्र हातातच देतो. वाचायला माझा चष्मा घे. सुई तुझी भावजय शोधतेय.