चित्रात बायका नव्हत्या

सर, तुम्हाला जाऊन कितीतरी वर्षं झाली, पण माझं तुमच्याशी भांडण काही मिटलेलं न्हाई. आज वर्गात इंग्रजी कादंबरी शिकवताना ते परत उफाळून आलं, म्हणून लिहायला बसले.

बहात्तरचा दुष्काळ नुकताच सरला होता. जालन्याच्या कॉलेजात तुम्ही व्हिक्टोरिया राणीच्या काळातली कादंबरी शिकवत होतात, म्हणजे गाईडातली उत्तरं सांगत होतात आणि आम्ही माना खाली घालून उतरवून घेत होतो. माझं अक्षर चांगलं, म्हणून तुम्ही मला त्या काळच्या चित्रांचं जाडजूड पुस्तक घरी दिलंत. "साहेबांचे दिवाणखाने बघ, पोशाख बघ, म्हणजे वातावरण कळेल." बघितले की! मंग शेवटच्या पानांत एक चित्र सापडलं. उंच भिंतींचं आवार, आणि माणसं ओळीनं बसून खडी फोडून राह्यली. खाली लिहिलं होतं, वर्कहाउस. म्हणजे गरिबांना पोसायचं सरकारी घर.

अहो सर, आदल्याच उन्हाळ्यात मी शहागडच्या रस्त्यावर दुष्काळी कामाला गेल्ते, आईबापाशेजारी बसून खडी फोडली होती! दुपारी सुकडी मिळायची, ती आम्ही तिघं एकाच ताटलीत खायचो. म्हणून त्या चित्रात मी आधी बायका शोधल्या. एक न्हाई. शेजारी त्या वेळच्या सरकारी अहवालातला उतारा छापला होता, तो डिक्शनरी घेऊन लावला. आत गेलं की नवरा एकीकडं, बायको दुसरीकडं, लेकरं तिसरीकडं.

दुसऱ्या दिवशी कादंबरीतल्या विणकराबद्दल तुम्ही उत्तर सांगितलंत, "बेकार विणकर उपाशी राहतो, पण वर्कहाउसात जात नाही, कारण तो आळशी व गर्विष्ठ आहे. लिहा." मी उभी राहिले. "सर, तसं न्हाई. दुष्काळात मी बी खडी फोडलीय. कामाला तो भीत न्हाई. बायकोपासून तोडतील म्हणून जात न्हाई. हे बघा." तुम्ही न बघताच पुस्तक मिटलंत. "कादंबरी कादंबरीतच वाचायची. परीक्षकाला तुझी खडी नकोय. असं लिहिलंस तर फर्स्ट क्लास विसर." सगळा वर्ग हसला. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

पेपरात मी तेच लिहिलं. फर्स्ट क्लास गेला, नोकरीसाठी पुढं लई वणवण झाली. होऊ द्या. आज परत पेपराला बसवलं तरी तेच लिहीन, एका अक्षराची खाडाखोड न करता.

आता अंबडच्या कॉलेजात मी आधी चित्र दाखवते, मंग अहवाल, मंग कादंबरी. आज एक पोरगी उठून म्हणाली, "मॅडम, मला तर वाटतं तो विणकर गर्विष्ठच होता." घ्या! तुमचीच बाजू. मी तिला म्हटलं, "लिही तसं. पण कुठल्या पानावर दिसलं ते दाखव." पोरगी लगेच पानं उलटायला लागली.

हे पाठवायला पत्ता न्हाई, आणि असता तरी पाठवलं नसतं. एक मात्र सांगते सर. फर्स्ट क्लास गेल्याचं मी केव्हाच विसरले. तुम्ही ते पान उघडून "बराबर आहे पोरी" म्हणावं, एवढंच पाहिजे होतं. ते अजून पाहिजे.