बोलोन्यात बाबा जेवले

प्रिय आई,

नमस्कार करते. बॅगा अजून दारातच पडल्यात. ओमच्या मळक्या कपड्यांचा ढीग वॉशिंग मशीनपाशी तसाच आहे, निखिल जेट लॅगचं निमित्त करून सोफ्यावर आडवा झालाय, आणि मी सगळं सोडून तुम्हाला लिहायला बसलेय. कारण बातमीच तशी आहे. बाबा जेवले! नुसते जेवले नाहीत, आडवा हात मारून जेवले. तेही कुठे, तर इटलीत! हे तुम्हाला सांगितल्याशिवाय मला बॅगा उघडवेनात.

तुम्ही होतात तेव्हा मी तुम्हाला कधी पत्र लिहिलं नाही. गरजच काय होती? तुम्ही खाली बेसमेंटमध्ये, मी वर किचनमध्ये. जिन्यात उभं राहून "आई" म्हटलं की तुम्ही कोथिंबीर निवडत निवडत वर यायचात. सासू-सुनेचं भांडणसुद्धा आपण जिन्यातच उरकायचो. आता हाक मारायची सोय राहिली नाही, म्हणून हा खटाटोप.

तुम्ही ऑक्टोबरात गेलात आणि बाबांचं जेवणच तुटलं. टेबलाशी वेळेवर येऊन बसायचे, तक्रार कधी नाही. एक पोळी, चमचाभर भाजी. "बाबा, अजून वाढू का?" "नको." "थोडा भात?" "नको." आणि ताट उचलून सिंकपाशी. ख्रिसमसच्या सुटीत त्यांनी पट्ट्याला खिळ्यानं नवं भोक पाडलं. मार्चमध्ये आणखी एक. मी रोज ते भोक बघायची आणि मला धडकी भरायची. एकामागोमाग दोघंही हातचे जातात की काय?

डॉक्टरांकडे नेलं. सगळ्या टेस्ट नॉर्मल. ते म्हणाले, "ही इज ग्रीव्हिंग. गिव्ह हिम स्पेस." मग काय, दिली आम्ही स्पेस! मी आग्रह करायला लागले की निखिल म्हणायचा, "अगं, नको म्हणतायत ना? डोन्ट फोर्स हिम. त्यांच्या चॉइसचा रिस्पेक्ट करू या." सईला शाळेत शिकवलंय की समोरचा नो म्हणाला की विषय संपला. तीही समजुतीने मान हलवायची. घरातली सगळी इतकी समंजस, आणि बाबांचे शर्ट त्यांच्या अंगावर हँगरला लटकवल्यासारखे!

आणि इटलीचं खूळ कुणाचं हो? तुमचंच! निखिलची बोलोन्याला कॉन्फरन्स आहे म्हटल्यावर तुम्ही जाहीर करून टाकलंत, "मलाही न्या. चर्चं आणि पुतळे तुम्ही बघा. मला पोरांना घेऊन निवांत बसून खाता येईल अशा जागा दाखवा." हॉटेल पारखायची तुमची पद्धत आमच्या सगळ्या ओळखीच्यांना पाठ झाली होती. पोरानं ग्लास सांडला की वेटरचं तोंड बघायचं. मेनू कार्ड नंतर. व्हँकुव्हरमधल्या किती चकचकीत ठिकाणांना तुम्ही या एका परीक्षेत नापास केलंत! पासपोर्टचे फोटो काढून आलात, त्यात केस नीट दिसत नाहीत म्हणून पुन्हा काढून आलात, आणि मग एकदम निघूनच गेलात. हे काय वागणं झालं?

बाबा येणार नाहीत असं आम्ही धरूनच चाललो होतो. पण एका सकाळी चहा पिताना ते आपणहून म्हणाले, "तिचं बघायचं राहिलं. मी बघून येतो." त्या दिवशी मी बाथरूममध्ये जाऊन रडले, आणि बाहेर येऊन निखिलला त्यांचं तिकीट काढायला लावलं.

तुम्हाला बोलोन्या फार आवडलं असतं, आई. सगळं शहर विटकरी रंगाचं, आणि जिकडे जाल तिकडे फुटपाथवर कमानींचं छप्पर. ऊन लागत नाही, पाऊस लागत नाही, पोरं पळत सुटली तरी गाडीखाली यायची भीती नाही. पहिल्याच सकाळी निखिल म्हणाला, "चला, बारमध्ये नाश्ता करू." बाबा दारातच थबकले. मिरजेच्या पाटबंधारे खात्यात उभा जन्म नोकरी केलेला माणूस, नातवंडांना घेऊन सकाळी आठ वाजता बारमध्ये कसा शिरेल? आत बघतो तर एक आजोबा नातीला दुधात बिस्किट बुडवून भरवतायत! तिथे कॉफीच्या दुकानालाच बार म्हणतात. ओमला फेसाळ दूध मिळालं, वर कोको भुरभुरवून. काउंटरवरच्या बाईनं त्याचा गाल ओढला. बाबांनी पाव कप कॉफी घेतली. सोबत काही? "नको."

दुपारी आमची फजिती झाली. कॅनडात कशी, भूक लागली की कधीही कुठेही शिरा, कोणीतरी खायला घालतंच. आम्ही त्याच गुर्मीत चार वाजता जेवायला निघालो. एकूण एक दार बंद! दुपारची चूल विझली की थेट संध्याकाळी साडेसातला पेटते. ओमनं भर चौकात भोकाड पसरलं. शेवटी चर्चच्या पायऱ्यांवर बसून आम्ही तुमच्या पद्धतीनं केलेला पातळ पोह्यांचा चिवडा खाल्ला. सई पुटपुटली, "धिस इज सो एम्बॅरसिंग, मॉम," आणि सगळ्यांत जास्त शेंगदाणे तिनंच वेचून खाल्ले.

पण त्या संध्याकाळी आम्हाला एक जागा सापडली. कमानीखाली टेबलं मांडलेली, ज्यूस मागवलं तरी सोबत ऑलिव्ह, पावाचे तुकडे, चिप्स असं काय काय फुकट येतं, आणि आईबाप गप्पा मारत असताना पोरं खांबांभोवती शिवाशिवी खेळतात. ओमनं संत्र्याचा रस सांडला, तोही शेजारच्या बाईंच्या पर्सवर! मी वेटरचं तोंड बघितलं, तुमच्या शिकवणीप्रमाणे. तो हसला. पर्सवाली बाईही हसली. नवा ग्लास आला, वर त्यात छोटी कागदी छत्री. आई, पूर्ण मार्क! मी नकळत डावीकडे वळून बघितलं, तुम्हाला सांगायला. तिथे बाबा बसले होते, पाण्याचा ग्लास समोर घेऊन.

असंच सगळीकडे. जिलेटोच्या, म्हणजे तिथल्या आइस्क्रीमच्या, दुकानात मुलगी चमच्यानं चव द्यायला आली, बाबा म्हणाले नको. पिझ्झ्याचा एक तुकडा खाऊन म्हणाले पुरे. वेटर इतके सभ्य, की "नो? ओके!" म्हणून हसत प्लेट घेऊन जायचे. आमच्यासारखेच. मला वाटायला लागलं होतं, उगाच आणलं यांना. तुमच्याविना इतक्या लांब येऊन, इतक्या भरल्या टेबलांपाशी बसून हा माणूस जास्तच एकटा पडत होता.

मग रविवारी दुपारी, यावेळी वेळेवर हं, हॉटेलवाल्यानं सांगितलेल्या एका खानावळीत गेलो. गल्लीच्या टोकाला, पाटीसुद्धा धड नाही. आत लांबलचक टेबलं, आजी-आजोबांपासून बाबागाडीतल्या बाळांपर्यंत अख्खी कुटुंबं. एक पोर दोन खुर्च्या जोडून झोपवलेलं. मालक स्वतः वाढत होता आणि त्याची म्हातारी आई कोपऱ्यात बसून पिठाच्या चकत्यांमध्ये सारण भरत होती. तिला सगळे नोन्ना म्हणत होते, म्हणजे आजी. करकचून बांधलेला अंबाडा, पांढरा एप्रन, गुडघे आखडलेले.

तिथे पालक आणि ताजं चीज भरलेला एक पदार्थ होता, लोण्यात घोळवलेला. बाबा निरखून म्हणाले, "हे तर तिखटमिठाचे कडबू!" तुम्ही गेल्यापासून त्यांनी पानातल्या पदार्थाबद्दल काही बोलण्याची ही पहिलीच वेळ. चार खाल्ले, आणि काटा खाली. मालक आला, "फिनिश?" बाबा म्हणाले, "फिनिश." त्यानं प्लेटला हात घातला.

आणि कोपऱ्यातून नोन्ना अशी गरजली, की मालकानं प्लेट पटकन खाली ठेवली!

ती उठली. गुडघे धरत, टेबलांचा आधार घेत आली. बाबांच्या प्लेटकडे बघितलं, मग बाबांच्या मनगटाकडे, आणि इटालियनमध्ये सुरू झाली. बाबा मराठीत म्हणाले, "नको हो, पोट भरलं." तिनं मुलाकडून वाढायचं भांडं मागून घेतलं आणि चांगला डावभर वाढलं. बाबांनी प्लेटवर हात आडवा धरला. पुढचं ऐका आई. हात आडवा, पण बोटं फाकलेली! ती बाई बोटांमधून वाढून मोकळी झाली. "अहो, किती वाढताय!" बाबा म्हणाले, आणि खायला लागले.

निखिल अर्धा उठला. "एक्स्क्यूज मी, ही सेड नो..." मी टेबलाखालून त्याला अशी लाथ घातली, की तो गपकन खाली बसला. कारण मला तेव्हा लख्ख कळलं होतं.

तुम्ही त्यांना कधी विचारलंच नाही! आठवून बघा. ताट रिकामं दिसलं की तुमच्या हातून पोळी पडायची. ते नको म्हणायचे, तुम्ही म्हणायचात, "घ्या हो, एवढ्यानं काय होतंय!" ते कुरकुरायचे, तुम्ही तूप वाढायचात. त्यांच्या लहानपणी मागून घेणं म्हणजे हावरटपणा, आणि पहिल्या फटक्यात हो म्हणणं म्हणजे त्याहून वाईट. जन्मभर त्यांनी नको म्हटलं आणि जन्मभर तुम्ही वाढलंत. आणि आम्ही? आम्ही त्यांच्या नकोचा रिस्पेक्ट केला! कोक्विटलाममधल्या आपल्या भरल्या घरात, फ्रीज ओसंडत असताना, आमच्या सभ्यपणापायी तो माणूस अर्धपोटी उठत होता. दुःख होतंच, आई. पण दुःखाच्या जोडीला भूकही होती.

तुम्ही मला बाबांच्या गोळ्यांच्या वेळा सांगितल्यात, स्वेटर कुठल्या बॅगेत आहेत ते सांगितलंत. मग हे का नाही सांगितलंत? की तुम्हालाही ते माहीत नव्हतं, नुसतं तुमच्या हाताला माहीत होतं?

नोन्नानं तीनदा वाढलं. शेवटी गोडाची वाटी आणून ठेवली आणि ती रिकामी होईपर्यंत कमरेवर हात ठेवून उभी राहिली. निघताना बाबांनी हात जोडले. तिनं काय करावं? बाबांच्या गालावर दोन थापट्या मारल्या! आपल्या बाबांच्या! ते कानापर्यंत लाल झाले. मग तिला म्हणाले, "माय वाइफ. सेम. सेम लाइक यू." तिला किती कळलं कोण जाणे, पण तिनं त्यांचा हात बराच वेळ सोडला नाही. तुम्ही गेल्यापासून बाबा तुमच्याबद्दल परक्या माणसाशी पहिल्यांदा बोलले. बाहेर कमानीखाली येऊन त्यांनी चष्मा पुसला. आम्ही सगळे दुकानांच्या काचा बघत उभे राहिलो.

परतीच्या विमानात सईनं आपला पाव त्यांच्या ट्रेमध्ये ठेवला. ते नको म्हणाले. ती म्हणाली, "आजोबा, इट वॉजन्ट अ क्वेश्चन." कार्टी कुणावर गेलीय सांगायला हवं का?

आणि आज दुपारी, घरी आल्यावरचं पहिलं जेवण. आमटी, भात, बटाट्याची भाजी, पोळ्या. मी काही विचारलं नाही. दुसरी पोळी वाढली, ते नको म्हणाले. तिसरी वाढली. तूप वाढायला मी वाकले तेव्हा त्यांनी हात आडवा धरला आणि वैतागून म्हणाले, "अगं सुमन, पुरे!"

आमच्यासमोर ते तुम्हाला नुसतं "अगं" म्हणायचे. तुमचं नाव त्यांच्या तोंडून मी आज पहिल्यांदा ऐकलं. काय बोलून गेलो ते त्यांनाही कळलं असावं, कारण त्यांनी मान वर केली नाही. मी तूप वाढलं. त्यांनी पोळी मोडली आणि सावकाश सगळी खाल्ली.

आई, तुम्हाला शब्द देते. या घरात यापुढे बाबांना "वाढू का" असं कुणी विचारणार नाही. निखिलला शिकवेन, ओमलाही शिकवेन. आणि पुन्हा कधी ते तुमच्या नावानं रागावले, तर तुमच्या वतीनं मी ओ देईन.

तुमची सून,
वृंदा