लसूण करपायच्या आत

११ जानेवारी

गेला. दोन बॅगा, लॅपटॉप, शर्ट हँगरसकट. आणि आई? आईंना ठेवून गेला! “तिकडची जागा लहान आहे. सध्या राहू दे तिला इथेच.” राहू दे म्हणे – छत्री राहते तशी!

नवरा गेला म्हणून रडावं की सासू राहिली म्हणून घाबरावं, कळेना. त्यांनी त्यांच्या खोलीचं दार लावून घेतलं, मी माझ्या. संध्याकाळी दोघी एकदमच स्वयंपाकघरात आलो. सकाळपासून कुणाच्याच पोटात काही नव्हतं. घरात भाजीचं पान नाही. नूडल्सचं एक पाकीट, लसणाचा गड्डा, सोया सॉसची तळाला आलेली बाटली. म्हटलं, झटपट होईल ते करू.

लसूण सोलता सोलता रडू फुटलं. आईंनी टोपलीतला कांदा माझ्यासमोर सरकवला. “हा चिर. लसणावर उगाच आळ नको.”

वाडग्यात डोकावून म्हणाल्या, “ही गांडुळं खायची?” मग दोनदा वाढून घेतली.

१२ जानेवारी

भांडी त्यांनी घासली. मी पुसली. दिवसभरात बोलणं एवढंच.

१९ जानेवारी

दुकानात फजिती! एका बाईंना नवा चष्मा बसवत होते. दांडी कानामागे घट्ट बसते का ते बघायला वाकले, तर त्या मान मागे नेत नेत खुर्चीसकट सरकल्या. माझ्या बोटांना लसूण! मालक नंतर म्हणाले, “काय, घरी खानावळ काढली का?”

आईंना सांगितलं. इतक्या हसल्या की ठसका लागला. “सोलायचं काम आजपासून माझं. माझ्या बोटांपाशी कोण नाक आणतंय!”

तो गेल्यापासून या घरात कुणी पहिल्यांदाच हसलं.

२ फेब्रुवारी

आता सूचनाही सुरू झाल्यात. ज्या बाईने जन्मात कधी नूडल्स केल्या नाहीत, ती मला शिकवतेय! पण बरोबर असतात. लसूण जाड नको, काप पातळ हवेत. तेल तापायच्या आतच टाकायचा, आच मंद. कडा सोनेरी झाल्या की लगेच सॉस, चिमूटभर साखर, लाल मिरची, मग अर्धवट उकडलेल्या नूडल्स आणि त्यांचंच थोडं पाणी. वरून कांद्याची पात. की झालं.

आज त्या कढईत बघत म्हणाल्या, “रंग बदलायला लागला की तेव्हाच हात हलवावा. करपल्यावर काय उपयोग?”

मला काय झालं कुणास ठाऊक. विचारून टाकलं – “त्याचं दुसरीकडे जुळलंय, हे तुम्हाला आधी कळलं होतं?”

कांद्याची पात चिरून झाली तरी चिरत होत्या.

“आईला कळतंच गं. मला वाटलं, ताप आहे, उतरेल.”

राग यायला हवा होता. आला नाही. मलाही तसंच वाटलं होतं ना!

२२ फेब्रुवारी

त्याचा फोन आला. आईंना कमी ऐकू येतं, म्हणून फोन नेहमी मोठ्याने लावलेला असतो. म्हणजे मलाही ऐकू येणारच. “आई, तू आजी होणार.”

मी नूडल्स वाढत होते. सगळ्या एकाच वाडग्यात पडल्या.

आमच्याकडे किती वर्षं डॉक्टर, इंजेक्शनं, तपासण्या. आईंनी कधी अर्ध्या शब्दाने बोलून दाखवलं नाही. उलट एकदा नणंद काही बोलली, तर तिला म्हणाल्या, “झाड माझ्या अंगणातलं आहे, त्याची फळं तू मोजू नकोस.”

आज फोन कानाशी धरलेला असताना त्यांचा चेहरा उजळला. खरंच उजळला! मग त्यांचं लक्ष माझ्याकडे गेलं आणि त्यांनी तो विझवला. दिवा घालवावा तसा.

आनंद झाला याचं काही नाही. लपवावा लागला, ते जिव्हारी लागलं.

२३ फेब्रुवारी

कालच्या नूडल्स तशाच होत्या. गोळा झाला होता. टाकून दिल्या.

८ मार्च

त्या बोलणार नाहीत हे दिसतच होतं. आठवडाभर नुसत्या खिडकीपाशी बसतात. लोकरीचा गुंडा आणून कपाटात कपड्यांमागे ठेवलाय. मला दिसला. पिवळा.

शेवटी आज मीच म्हटलं, “तुम्ही जा, आई.”

“हाकलतेस?”

“नातवंड तुमचं आहे.”

“आणि तू कुणाची?”

मी लसूण घेऊन बसले. त्यांनी हातातून काढून घेतला. “दे इकडे. दुकानात वास येईल.”

१५ मार्च

न्यायला आला. उंबऱ्याच्या आत पाऊल टाकलं नाही. “कशी आहेस?” म्हणाला. मी म्हटलं, “रक्तदाबाच्या गोळ्या सकाळी खाल्ल्यानंतर द्यायच्या. उपाशीपोटी नाही.” आमचं बोलणं संपलं. एवढी वर्षं एका छताखाली काढली, आणि उरलं काय, तर गोळ्या!

जिन्यात आईंनी हात माझा धरला, त्याचा नाही. गाडीत बसल्यावर मात्र सोडावा लागला.

तो गेला त्या दिवशी मी रडले होते. आज जे झालं त्याला रडणं म्हणत नाहीत.

१६ मार्च

एकटीपुरत्या नूडल्स किती घ्यायच्या, अंदाजच येत नाही. लसूण करपला. कडू लागत होतं. खाल्ल्या.

४ एप्रिल

आईंचा फोन. गॅलरीतून, कुजबुजत. ज्यांना ऐकू कमी येतं त्यांची कुजबुज म्हणजे काय सांगू – गल्लीभर गेली असेल!

“इथे लसूण बंद! हिला वासानेच मळमळतं. बेचव खाऊन जीभ मेली माझी.”

हसले. त्याही हसल्या. मग “जेवलीस का?” म्हणाल्या. खोटं बोलले – हो.

२० मे

दुकानाचं दार ढकलून आई आत! एकट्या, बसने. सरळ गिऱ्हाइकाच्या खुर्चीत. “डोळे तपासायचेत.” मालकांनी पुढे होऊन विचारलं, “काय त्रास होतो?” म्हणाल्या, “माझी सून दिसत नाही मला, घरात.”

मालक दोन मिनिटं चष्म्याची काच पुसत बसले. मग मला म्हणाले, “जा आज लवकर.”

घरी येऊन केल्या. लसूण त्यांनी सोलला, दुप्पट! दोन वाडगे खाल्ले, तिसऱ्यांदा माझ्या वाडग्यातून उचललं. निघताना म्हणाल्या, “तिकडे डोळ्यांचंच सांगून आलेय. आता महिन्याच्या महिन्याला बिघडवते.”

२४ जून

बिघडले! पाऊस होता तरी आल्या.

२२ जुलै

पुन्हा आल्या. जाताना बडीशेप चघळली, दोन वेळा. “वास नको लागायला तिला.” चोरून भेटल्यासारखं वाटलं. वाईट वाटलं, आणि गंमतही.

११ ऑगस्ट

मुलगी झाली. आईंनीच कळवलं. आवाजातला आनंद लपवत नव्हत्या आज. मीच सांगितलं होतं ना – माझ्यापासून लपवू नका म्हणून. “डोळे उघडले की सरळ आपल्याकडेच बघते गं!”

“अभिनंदन, आजी,” म्हटलं. खरंच मनापासून म्हटलं. मग दुपारभर एकच काच घासत बसले. घासून घासून माप चुकलं. फेकावी लागली.

३० ऑगस्ट

या महिन्यात आल्या नाहीत. साहजिक आहे. घरात तान्हं बाळ. उद्या परवा येतील. पात आणून ठेवलीय, सुकायला लागली.

४ सप्टेंबर

आईंचा फोन आला. गॅलरीतून नाही, घरातूनच बोलत होत्या. मागे बाळ रडत होतं.

“तिला कळलं. माझ्यावर ओरडली नाही गं, नुसती रडली. म्हणाली, तुम्ही माझ्या घरात बसून मला तिच्याशी मापता. वाईट नाही ती. बाळंतीण आहे. मला आता दोन्ही डगरींवर हात ठेवता येणार नाही. माझं वय झालं. मी नाही येणार. फोनही नाही करणार. तूही करू नकोस.”

मी म्हटलं, “बरं.”

“नुसतं बरं काय? बरं आई, असं म्हण.”

म्हटलं.