ओ द्यायची राहिली

९ जानेवारी, असाबा

आले एकदाची या सिनेमांच्या गावात. न्सुक्काच्या बसने पुलापाशी उतरवलं तेव्हा डोक्यावर गादी, हातात ट्रंक आणि काखेत आईने केळीच्या पानात वाफवून दिलेला, कडधान्याच्या पिठाचा ओकपा. बस स्टँडवर तिचा ओकपा दुपारच्या आत संपतो, पण आज माझ्यासाठी तिने आधीच बाजूला काढून ठेवला होता. माझी खोलीची भागीदारीण प्रेये हिने अर्धा तिथेच फस्त केला आणि मग नाव विचारलं. मी म्हटलं, एझिन्ने. ती म्हणाली, नाव चांगलं आहे, आता ते कोणी तरी घेईल असं बघ.

प्रेये नदीमुखाकडची, इजॉ जमातीची. वर्षभर इथे आहे आणि बऱ्याच सिनेमांत दिसली आहे, म्हणजे बाजारातून चालत गेली आहे. अशांना इथे वाका-पास म्हणतात. चालायचं, जेवायचं, घरी जायचं. हे सांगताना तीच खो खो हसली. मग म्हणाली, "हसू नकोस, नाट्यशाळावाली. तूही चालशील." मी तिला सांगितलं की मी चार वर्षं शिकले आहे, राणी केली आहे, वेडी केली आहे, माइकशिवाय शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोचवते. तिने विचारलं, "आणि मेलेली केलीस का कधी?"

आईला फोन केला. तिने आधीच ठरवलंय, मला मोठं काम मिळालं की सगळ्या सेटला ओकपा खिलवायचा. मी म्हटलं, तयारीत राहा.

१७ जानेवारी

हॉटेलच्या आवारात आंब्याखाली प्लॅस्टिकच्या खुर्च्या. ऑडिशनसाठी सकाळपासून बसायचं, नाव पुकारण्याची वाट बघायची, हार्मटान वाऱ्याची धूळ खायची. आज माझी पाळी आली. दिग्दर्शक फिडेलिस, ज्यांना सगळे ओगा म्हणतात, म्हणजे साहेब, त्यांनी दोन वाक्यांत हात वर केला. म्हणाले, "बाई, कॅमेरा बहिरा नाही." मी आवाज उतरवला. मग म्हणाले, भुवयांना जरा बसायला सांग. मी भुवया बसवल्या. तेव्हा म्हणाले, आता तू मेल्यासारखी दिसतेस.

रंगमंचावर जे जे शिकवलं ते इथे दोष म्हणून निघतं. घरी येताना रस्त्यात रडले. रागानेच रडले, दुःख कसलं आलंय.

२५ जानेवारी

काम मिळालं. मेल्यासारखी दिसते म्हणून मेलेल्या मुलीचं. संवाद नाही. पटकथेत नावसुद्धा नाही, नुसतं "मुलगी" लिहिलंय. शवपेटीत निजायचं आणि सेटवरच्या सगळ्यांत वयस्क नटी, मॅडम युजेनिया, यांनी माझ्यावर पडून रडायचं. त्यांच्या रडण्याला इथे फार मान आहे. त्या रडायला लागल्या की दिवे धरणारेसुद्धा नाक शिंकरतात.

इथे माणूस गेलं की फाटकावर आणि रस्त्याकडेच्या भिंतींवर फोटोचे मोठे कागद चिकटवतात, तसे माझेही छापायचे होते. छापणाऱ्याने विचारलं, मुलीचं नाव काय टाकू? मी म्हटलं, माझंच टाका. पूर्ण, एझिन्ने उग्वोके. निदान पडद्यावर नाव तरी दिसेल. त्याने माझ्याकडे जरा वेळ बघितलं, पण टाकलं.

आईला सांगितलं, घरातल्या मुलीचं काम आहे, सगळी गोष्ट तिच्याभोवती फिरते. खोटं नाही ते.

२८ जानेवारी

शूटिंग झालं. मन थाऱ्यावर नाही, तरी लिहिते.

प्रेयेने आधीच बजावलं होतं. पेटीतला शॉट संपला की सेटवरचं सगळ्यांत वयस्क माणूस झाकणावर टकटक करतं आणि नावाने हाक मारतं. लगेच, मोठ्याने ओ द्यायची, उठायचं आणि त्याच्या हातचा कोलाच्या बीचा तुकडा सगळ्यांदेखत चावायचा. मग जा कुठे जायचं ते. मी म्हटलं होतं, देईन बाई.

मॅडम युजेनिया रडल्या. झाकण लागलं. मग टकटक झाली आणि त्यांनी हाक मारली, एझिन्ने. मला वाटलं, कॅमेरा चालू असेल तर? शाळेत शिकवलं होतं, आपण होऊन भूमिकेतून बाहेर यायचं नाही. आणि खरं सांगायचं तर ओगांना दाखवायचं होतं की मला किती शांत राहता येतं. मी श्वास रोखला. दुसरी हाक. रोखूनच धरला. तिसऱ्या हाकेला त्यांचा आवाज चिरकला. मग मी झाकण ढकलून उठले आणि हसले.

कोणीच हसलं नाही. मॅडमच्या हातून बीचा तुकडा मातीत पडला. त्या पाठ फिरवून गाडीत जाऊन बसल्या. ओगा म्हणाले, हिला कोणी तरी घरी सोडा. तेवढ्यात जनरेटर बंद पडला, जो तो सामान घेऊन निघाला. कागद त्याच दिवशी फाडायचे असतात म्हणे. भिंतीवर तसेच आहेत.

३१ जानेवारी

प्रेयेने दोन दिवस डोकं खाल्लं. म्हणते, अजून एक उपाय आहे. जिने जन्म दिला तिने हाक मारायची, एकदाच, आणि आपण ओ द्यायची. आईला बोलाव. मी म्हटलं, ती धंदा सोडून येणार आणि बघणार काय, तर मुख्य काम म्हणून सांगितलेलं मढं? प्रेये म्हणाली, "लाज मोठी की जीव मोठा, पोरी?" मी म्हटलं, सध्या लाज.

कागद बघायला गेले होते. फोटो बरा आलाय. हात दाखवून अवलक्षण म्हणा, पण छापलेलं आपलं नाव बघून बरं वाटलं.

४ फेब्रुवारी

हॉटेलवर पहिली जाऊन बसले. सगळ्यांची नावं पुकारली. माझं नाही. संध्याकाळी खुर्च्या उचलल्या, माझी तर मी बसलेली असताना उचलायला लागले.

कोपऱ्यावरच्या अकारावालीने माझ्यामागच्या तिघींना वडे दिले. मी हाका मारतेय, ती कढईत बघतेय. माइकशिवाय शेवटच्या रांगेत पोचणारा माझा आवाज, आणि हातभरावरच्या बाईला ऐकू जात नाही. चार वर्षं काय पालथ्या घड्यावर पाणी ओतलं का मी?

८ फेब्रुवारी

ओगा समोरून गेले. अगदी समोरून. मी नमस्कार केला, त्यांनी खिशातून रुमाल काढून घाम पुसला.

प्रेये बोलत नाही. तिला दोनदा फैलावर घेतलं. ती माझे कपडे घडी करून ट्रंकेत भरत होती आणि रडत होती. रडायचं तर निदान कारण सांग की. मी काम मिळवलं म्हणून जळतेस का?

तिने ट्रंकेचं झाकण लावलं.

१० फेब्रुवारी

शेवटी आईला फोन केला. लाज गुंडाळून ठेवली. म्हटलं, आई, खोटं बोलले, ये, आणि आल्या आल्या मला हाक मार.

आई नुसतं हॅलो, हॅलो करत राहिली. मग कोणाला तरी म्हणाली, फोनवर कोणीच नाही.

पुन्हा लावला. पुन्हा तेच.

१२ फेब्रुवारी

शेजारीण दारात आली होती. प्रेये तिला सांगत होती की पोरगी पेटीतून उठलीच नाही. मॅडमनी तीनदा हाक मारली, मग झाकण काढलं तर —

मी तिथेच उभी. म्हटलं, उठले होते, हसले होते, तू मला काय काय बोलली होतीस. शेजारणीने डोळे पुसले. विचारलं, कुठे ठेवलंय? प्रेये म्हणाली, शवागारात, त्याच पेटीत. आईला निरोप गेलाय. न्सुक्काला न्यायला येतेय.

कोणालाच आठवत नाही. मी उठलेली कोणालाच —

१३ फेब्रुवारी

कागद फाडायला गेले. नखं लागत नाहीत. कागदाला नखं लागत नाहीत माझी.

आठवून बघतेय. पेटीत रोखलेला श्वास — मी सोडला कधी? हसले तेव्हा सोडला असणार. हसायला श्वास लागतो.

छातीवर हात ठेवून बसलेय. काहीच —

१५ फेब्रुवारी

आई आली. अंगणात आहे. शवागारातून पेटी आणलीय, वाटेत माझी ट्रंक घ्यायला थांबलेत. पलीकडे भिंतीवर माझा फोटो.

तिच्या हातात पानात बांधलेला ओकपा. सगळ्या सेटसाठी आणणार होती, एकच आणलाय.

मामा सांगतोय, मेलेल्याला नावाने हाक मारू नये. आई, ऐकू नकोस त्याचं. एकदाच मार. मी खिडकीत आहे. वही घेऊन बसलेय, ओ तयार आहे — आई, मी इथे आहे — एवढंच तर म्हणायचंय. माझ्या आयुष्यातलं एकच वाक्य.

आई म्हणतेय, "माझी पोर आहे. मी मारणार हाक."

गुडघ्यावर बसली. झाकणावर हात —

टकटक अंगणात नाही झाली. इथे झाली. माझ्या कपाळावर, अगदी वर —

"एझिन्ने, न्ने, माझ्या बाळा —"

ऐकलं आई. देते. ओ देते. आधी श्वास घ्यायचा. पोट बाहेर, खांदे सैल, शाळेत शिकवलं तसं, आत — घेतेय — आई, थांब, उठू नकोस, घेतेच आहे, आत —