तीन खोल्या, सहा मुली

३ फेब्रुवारी, मंगळवार
सरावानंतर कोच मोरिता-सान थांबले. एरवी शिट्टी खिशात टाकून सरळ स्टेशन गाठतात. म्हणाले, "मृणाल-सान, पाच मिनिटं." पाच मिनिटांचा तास झाला.

शिझुओकाकडच्या एका महिला कॉलेजने नवे प्रवेश बंद केलेत. मार्चनंतर त्यांच्या बास्केटबॉल टीममध्ये चौघीच उरतात, म्हणून टीमच बंद. त्यातल्या तिघींना बदली घेऊन आमच्याकडे तिसऱ्या वर्षाला यायचंय. एक सेंटर आहे, कुडो नावाची, १८१ से.मी. आमची सगळ्यात उंच मुलगी १७४.

तीन वर्षं त्यांची सहाय्यक कोच आहे, पण मो-सानना असं हसताना पाहिलं नव्हतं. गेल्या शरदात आम्ही खालच्या गटात घसरलो, तेव्हापासून तर नाहीच. दोन वर्षांनी निवृत्त होतायत. त्याआधी टीम परत वर न्यायचीय. बोलत नाहीत, पण दिसतं.

घरी यायला आठ. निखिलने खिचडी लावून ठेवली होती. बरं वाटलं.

५ फेब्रुवारी, गुरुवार
परवा रात्री खूश होते, आज हिशेब कळला. होस्टेलमध्ये टीमच्या वाट्याच्या तीनच खोल्या मार्चमध्ये रिकाम्या होतायत. त्या तीन नव्या मुलींसाठी धरल्या होत्या. ऑक्टोबरमध्ये मीच हायस्कुलं फिरून निवडलेल्या. आता त्या तीन खोल्या बदलीवाल्यांना द्यायच्या, असं मो-सानचं म्हणणं.

नव्यांपैकी दोघी टोकियोतल्याच. त्या घरून ये-जा करतील, हरकत नाही. तिसरी मिओ, अकिताची. खोली नाही तर ती येऊच शकत नाही. आणि आता फेब्रुवारीत दुसरं कॉलेज कुठून मिळणार तिला? वर्ष जाईल.

मो-सानना हे सांगितलं. ते म्हणाले, "नव्या मुलीला तयार व्हायला दोन वर्षं लागतात. या तिघी उद्या खेळतील."
खोटं नाहीये ते. तीच तर अडचण.

७ फेब्रुवारी, शनिवार
तिघी सरावाला आल्या. कुडो बोलत नाही फारशी. बूट घालताना प्रत्येक लेस दोनदा ओढून बघते. पण कोर्टवर उतरली आणि आमच्या मुलींचा खेळच बदलला. रिबाउंड पडला की तिच्या हातात. कॅप्टन सायाका दोन वर्षं जो पास द्यायला घाबरते तो आज सहज दिला, कारण पलीकडे घेणारं कुणीतरी होतं.

तासभर मीही सगळं विसरून बघत बसले. सायाका पाणी प्यायला आली आणि म्हणाली, "मृणाल-सान, या येणार ना? नक्की?" एप्रिलपासून हिचं शेवटचं वर्ष. काय बोलणार. "परीक्षा पास झाल्या तर," म्हटलं. बदलीची परीक्षा वीस तारखेला आहे.

आणि मिओ? १५५ से.मी. उजवा हात चांगला, डावा कच्चा. तरी मी अकितापर्यंत गेले, कारण त्या मुलीला दुसरीने चेंडू मागायच्या आधी कळतं तो कुठे हवाय. हे शिकवता येत नाही. मला तरी आलेलं नाही.

८ फेब्रुवारी, रविवार
सकाळपासून बर्फ. इराची ट्यूशन बुडाली, ती आनंदात. निखिल भाजीला गेला. मी खिडकीशी बसून नको ते आठवत होते.

मीही बदलीवालीच. एस.वाय.ला नाशिकहून पुण्याला आणलं होतं मला, कारण सरांना त्याच वर्षी विद्यापीठाची ट्रॉफी हवी होती. माझ्या आधी त्या जागेवर वैशाली होती. दोन वर्षं रोज पहाटे येणारी, चेंडू उचलणारी, सगळ्यांच्या पाण्याच्या बाटल्या भरणारी. सरांनी तिला फक्त एवढंच सांगितलं की नऊ नंबरची जर्सी हिला दे. तिने धुऊन, घडी करून दिली. ट्रॉफी मिळाली. ती नंतर यायची बंद झाली आणि मी एकदाही विचारलं नाही.

नि. ला आज पहिल्यांदा सांगितलं हे. लग्नाला चौदा वर्षं झाली. तो म्हणाला, "तू एकोणीस वर्षांची होतीस गं."
हो. आता बेचाळीसची आहे.

१० फेब्रुवारी, मंगळवार
मो-सान म्हणाले, अकिताला फोन तुम्हीच करा. शब्द तुम्ही दिला होता, तुमच्या तोंडून गेलेलं बरं. रागाने नव्हते बोलत. त्यांना खरंच ते सभ्य वाटतं.

इराला बसवून काय बोलायचं ते जपानीत लिहून काढलं. तिने दोनदा वाचलं. म्हणाली, "आई, भाषा बरोबर आहे." मग पुढचं जपानीत, "पण हे ऐकून ती मुलगी रडेल."
बारा वर्षांची आहे. कागद तिच्याकडून काढून घेतला.

१२ फेब्रुवारी, गुरुवार
दुपारी जिमच्या मागच्या जिन्यात बसून फोन केला. मिओच्या आईचं स्वतःचं केस कापायचं दुकान आहे. नवरा नाही, सगळं एकटीने. ऑक्टोबरमध्ये मी गेले तेव्हा दुकान दोन तास बंद ठेवून मला धुरावलेल्या मुळ्याचं लोणचं आणि भात वाढला होता. म्हणाली होती, "चार वर्षं तुमच्याकडे देते हिला."

फोन उचलल्या उचलल्या तीच बोलायला लागली. रजई धुऊन ठेवलीय. खोलीची खिडकी कुठल्या बाजूला आहे, पडदा लांब लागेल की आखूड? मिओ रोज शाळेआधी डाव्या हाताने दोनशे ड्रिबल करते, तुम्ही सांगितलं होतं म्हणून. मागे कात्रीचा आवाज. गिऱ्हाईक खुर्चीत असणार.

कागद माझ्या मांडीवर होता.
म्हटलं, "खिडकी पूर्वेला आहे. पडदा आखूड चालेल."
आणि फोन ठेवला.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार
मो-सानना सरळ सांगितलं. फोन केला, पण सांगितलं नाही. आणि मी सांगणारही नाही. तुम्ही सांगा, किंवा मला या कामातून मोकळं करा. रागात माझी जपानी नेहमीच घसरते, त्यामुळे आदरार्थी क्रियापदं कुठल्या कुठे गेली असतील.

ते जाळीकडे वळले. मग म्हणाले, "एकसष्ट वर्षांचा आहे मी. दोन वर्षं थांबायला सांगताय तुम्ही मला."
"तुम्हाला नाही. टीमला."
"मी गेल्यावर टीम राहील की नाही, ते वर जाण्यावरच आहे. विद्यापीठ खालच्या गटातली टीम किती दिवस ठेवेल?"

ते उठून गेले. सोमवारी बोलू म्हणाले. शनिवार-रविवार कसा जाणार कोण जाणे. नोकरी गेली तरी माझा व्हिसा नि. च्या नोकरीवर आहे, त्याची चिंता नाही. पण बास्केटबॉल मला परत मिळायला नऊ वर्षं लागली होती.

१६ फेब्रुवारी, सोमवार
आज जे झालं ते जसंच्या तसं लिहून ठेवते.

कुडो एकटीच आली, परीक्षेचा अर्ज द्यायला. मो-सान आणि मी दोघेही ऑफिसात. अर्जात राहण्याच्या जागेचा रकाना रिकामा होता. मो-सान म्हणाले, होस्टेल लिही. ती पेन धरून बसली. मग विचारलं, "ही खोली आधी कुणाची होती?"
मो-सान म्हणाले, रिकामीच आहे.
"सायाका-सान म्हणाल्या, अकिताची एक मुलगी येणार होती."

कुडो इतकी उंच की बसली तरी माझ्या डोळ्यांना डोळे भिडतात. म्हणाली, "आमची टीम बंद करताना आम्हाला कुणी विचारलं नव्हतं. सूचनाफलकावर कागद लावला होता." तिने अर्ज पुढे ओढला. "माझी मावशी चिबाच्या टोकाला राहते. इथून पावणेदोन तास. मी तिथून येईन."

मो-सान म्हणाले, सकाळचा सराव सातला असतो.
"माहितेय."
आणि रकान्यात मावशीचा पत्ता लिहिला. अक्षर सुंदर आहे तिचं.

ती गेल्यावर मो-सान म्हणाले, "सकाळचा सराव आठला घेऊ या." बस. एवढंच. मग शिट्टी खिशात टाकून स्टेशनकडे.

मी बाथरूममध्ये जाऊन तोंड धुतलं. हात हलके झाले होते अगदी, जड पिशव्या खाली ठेवल्यावर होतात तसे. इराला सांगितलं तर म्हणाली, "योकात्ता." मग मला कळलं नसेल असं समजून मराठीत, "बरं झालं." येतं एवढं जपानी मला, बाई.

२७ फेब्रुवारी, शुक्रवार
तिघी पास. पंधरा जणींची यादी टाइप केली. बदलीच्या तीन, नव्या तीन, जुन्या नऊ. तीनदा वाचली. उगाच.

२९ मार्च, रविवार
मिओ आणि तिची आई आल्या. रजईचं गाठोडं मिओपेक्षा मोठं. खोली बघून झाली, पडदा लावून झाला, मग आई माझ्याकडेच टक लावून बघायला लागली. मला वाटलं काही चुकलं. म्हणाली, "केस कुणी कापले तुमचे?"
घरीच, मीच, असं सांगितलं.
तिने पर्समधून कात्री काढली. होस्टेलच्या अंगणात प्लास्टिकच्या खुर्चीवर बसवून, गळ्याला टॉवेल गुंडाळून माझे केस कापले. वीस मिनिटं. फोनबद्दल, त्या खोलीबद्दल काहीच सांगितलं नाही मी. मानेवर तिची थंड बोटं, आणि वाटत होतं की आता सांगावं. मग वाटलं, कशाला. तिला रात्री झोप लागू दे.

नि. म्हणाला, दहा वर्षांनी लहान दिसतेस. पाच तरी खरी असतील.

१८ एप्रिल, शनिवार
मिओला झेपत नाहीये. तिसऱ्या वर्षाच्या मुली तिच्या अंगावरून जातात. आज चार वेळा चेंडू हिसकावला गेला. रडत नाही, जास्त जोरात 'हाय', म्हणजे 'हो', म्हणते, ते बघवत नाही. मो-सान माझ्याकडे बघत नाहीत, हे त्यांचे उपकार.

कुडो सकाळी ट्रेनमध्ये झोपली आणि तीन स्टेशनं पुढे गेली. पंचवीस मिनिटं उशीर. नियम म्हणून तिला बाहेर पळायला लावलं. मिओ सराव सोडून तिच्याबरोबर पळायला गेली, कुणी सांगितलं नसताना. कुडोला माहितेय खोली कुणाची. मिओला माहीत नाही. दोघी पळताना काय बोलतात देव जाणे. एक बांबू आणि एक बरणी.

३ मे, रविवार
जिंकलो. वसंत स्पर्धेची दुसरी फेरी, वरच्या गटातल्या टीमशी. चार गुणांनी.

तिसऱ्या क्वार्टरपर्यंत बदलीच्या तिघींनीच ओढली मॅच. मो-सानचं म्हणणं शंभर टक्के खरं ठरत होतं आणि मला त्याचा आनंदच होत होता, हे इथे नोंदवते. मग सायाकाचा घोटा मुरगळला. दुसरी गार्ड चार फाउलवर. मो-सान बेंचकडे वळले, बघत राहिले, आणि म्हणाले, "साकुरादा." म्हणजे मिओ.

सहा मिनिटं खेळली. पहिल्याच मिनिटाला दोनदा चेंडू गमावला. मी खाली बघत होते. तिसऱ्या वेळी तिने कुणीच नसलेल्या कोपऱ्यात चेंडू टाकला, प्रेक्षकांतून कुणीतरी हसलंसुद्धा, आणि कुडो तिथे पोचलेली होती. असं तीनदा झालं. डाव्या हाताने एकदा.

मॅचनंतर मो-सान पाणी पिता पिता म्हणाले, "दोन वर्षं लागतील म्हणालो होतो."
मी म्हटलं, "सहाच मिनिटं होती, कोच. दोन वर्षं लागतीलच."
हसले. यावेळी खिशातून शिट्टी काढून नुसतीच हातात फिरवत बसले.

ट्रेनमध्ये उभ्या उभ्या डुलकी लागली मला. किती महिन्यांनी.

४ मे, सोमवार
पुढच्या फेरीत हरलो. वीस गुणांनी. कुडो पाच फाउल घेऊन बाहेर. ठीक आहे. कुणी रडलं नाही. सगळ्या मिळून रामेन खायला गेल्या.

१२ मे, मंगळवार
मो-सानच्या टेबलावर पुढच्या वर्षाचा कागद. मार्चमध्ये चार खोल्या रिकाम्या होणार. दोन कॉलेजांतून पत्रं आलीत, बदलीसाठी. चांगल्या मुली आहेत, व्हिडिओ पाहिले. शिवाय आओमोरीच्या एका शाळेतल्या शिक्षिकेचा फोन, एक मुलगी आहे, अजून कच्ची आहे, पण येऊन बघा.

मो-सानने कागद माझ्याकडे सरकवला. "या वर्षी तुम्ही ठरवा. मी सही करीन."
"चारही?"
"चारही."

इतके दिवस त्यांच्याशी भांडणं सोपं होतं, हे तेव्हा कळलं. कागद बॅगेत टाकला. कुडोला येत्या मार्चमध्ये तरी खोली द्यायची, हे माझ्या मनात पक्कं आहे, तिचं आणखी एक वर्ष उरेल. म्हणजे उरल्या तीन. पत्रांतल्या मुली सोडवत नाहीत. आओमोरीची मुलगी मी पाहिलेलीही नाही.

आओमोरीचं शनिवारचं तिकीट काढलंय. इराला बरोबर न्यायचं ठरतंय, ती म्हणते तिकडची सफरचंदं खायचीत.