आधी तुम्ही ठेवा

तीर्थरूप आत्यास,

बारक्याचा वाकून नमस्कार. (वाकून म्हणजे मनाने. पाठ धरली आहे, खरोखर वाकलो तर पुढचं पत्र जमिनीवरूनच लिहावं लागेल.) तुझा गुडघा कसा आहे? नव्या चष्म्यातून नीट दिसतं का, की अजून त्या चष्मेवाल्याचा उद्धार चालू आहे? काकांचा खोकला थांबला असेल अशी आशा आहे. नसला तर त्यांना सांग, तोंडावर रुमाल धरायला पैसे पडत नाहीत. इकडे सर्व खुशाल. म्हणजे नाही, पण पत्रात तसं लिहायची रीत आहे, आणि रीती कशा पाळायच्या हे तूच आम्हाला लहानपणी पाठीत धपाटे घालून शिकवलंस. आजचं रडगाणं त्याचंच आहे.

तर तुझी भाचेसून माझ्याशी बोलत नाही. तुला ठाऊकच आहे, ती दातांच्या दवाखान्यात काउंटर सांभाळते, दिवसभर सुजलेल्या गालांशी गोड बोलते आणि घरी येऊन उरलेलं माझ्याशी बोलते. महिन्यापूर्वी रात्री जेवताना ती मला दवाखान्यातली काहीतरी लांबलचक हकिगत सांगत होती. मी ऐकत होतो. (अगदी ऐकत होतो असंही नाही. एका गिऱ्हाइकाचे घरभरचे पडदे मी वीतभर आखूड शिवून ठेवले होते, त्याला कोणती थाप मारावी याचा विचार चालला होता.) बोलता बोलता ती थांबली आणि माझ्याकडे बघायला लागली. आता आपली पाळी आहे एवढं मला कळलं. मी म्हणालो, भाजीत मीठ कमी आहे.

झालं! तेव्हापासून आमच्या घरात एकेका शब्दावर कारभार चालतो. किल्ली. दूध. गीझर. परवा मी मुद्दाम जोरजोरात शिंकलो, म्हटलं निदान चिडेल तरी, तर टेबलावर गोळी आणि पाण्याचा पेला ठेवून निघून गेली. आत्या, भांडली असती तर मी निभावून नेलं असतं, त्याची सवय आहे. पण हे गप्प घर खायला उठतं गं. संध्याकाळी दुकानाचं शटर ओढायचं म्हटलं की मी आणखी एक पडदा शिवायला घेतो.

अशात फोनवर जाहिरात दिसली: संसारातल्या अडचणींवर सल्ला, ऑनलाइन, तासाच्या दराने. मला वाटलं, आपण जसं कापड मीटरवर मोजून देतो तसे हे मिनिटं मोजत असतील. छे! यांच्याकडे तागा उलगडला की अख्ख्या ताग्याचे पैसे. साठ मिनिटांच्या वर एक मिनिट गेलं की दुसरा पूर्ण तास लागलाच. पण मी काही कच्च्या गुरूचा चेला नाही. कापायच्या टेबलावर गजराचं घड्याळ मांडलं, त्याच्याशेजारी अंडी उकडताना लावतात तो टायमर ठेवला, आणि दर दहा मिनिटांनी खडूची एक रेघ ओढायची असं ठरवून सल्ला देणाऱ्या बाईंना फोन लावला.

बाई भल्या निघाल्या. आवाज मऊ, घाई नाही. (दर तासाचा असल्यावर कोणाला असते?) माझं सगळं ऐकून घेतलं आणि अर्ध्या तासातच म्हणाल्या, अहो, सरळ जाऊन विचारा ना तिला, त्या रात्री काय सांगत होतीस म्हणून. मला पटलं. फक्त इतक्या दिवसांनी ही गोष्ट विचारायची कुठल्या तोंडाने, एवढंच विचारायचं राहिलं होतं. पण टायमर वाजला, म्हणून म्हटलं ते पुढच्या वेळी, आणि म्हणालो, बरं, ठेवू मग?

इथे तू आलीस, आत्या. फोन आधी मोठ्याने ठेवायचा, लहानाने मोठ्याच्या कानावर फोन आदळायचा नाही, हा तुझा नियम. मी एकदा तुझा फोन आधी ठेवला होता तर तू बस पकडून घरी आली होतीस मला झापायला! तर मी ‘ठेवू का’ विचारून थांबलो. बाई म्हणाल्या, ठेवा ना. मी म्हटलं, नाही नाही, आधी तुम्ही. त्या म्हणाल्या, छे छे, असं कसं, तुम्ही. त्यांनाही कोणीतरी आत्या असणार. आता आमच्यात मोठं कोण हे ठरल्याशिवाय सुटका नाही, आणि बाईमाणसाला वय विचारायचं नाही हाही तुझाच नियम! तासावर चार मिनिटं गेली. दुसऱ्या तासाचे पैसे लागले.

दुसऱ्या वेळी मी शहाणा झालो आणि निरोप दहा मिनिटं आधी घ्यायला सुरुवात केली. पुरली नाहीत. तिसऱ्या वेळी अर्धा तास आधी. मग माझ्या लक्षात आलं की ऐन वेळी घाई नको, फोन लागल्या लागल्याच निरोप घ्यायला लागावं. तेव्हापासून आमचा तास असा जातो: नमस्कार, बरं आहे ना, चला मग, ठेवू? बायकोचा विषय काढायला वेळच उरत नाही. एकदा मी हिकमत केली, चार्जर न लावता बसलो, म्हटलं फोन आपल्या मरणाने मरेल आणि कोणाला दोष येणार नाही. फोन मरायला टेकला तसं मी बाईंना आनंदाने सांगितलं, बॅटरी संपत आली बरं का. त्या काळजीने म्हणाल्या, अहो मग लावा ना चार्जर, मी थांबते. एवढ्या आपुलकीने सांगितल्यावर न लावून कसं चालेल?

शेवटी मी वेळेवर लक्ष ठेवायला एक माणूस घेतला. तोही ऑनलाइन, तोही तासाच्या दराने. त्याने आमचं बोलणं ऐकत बसायचं आणि तास भरत आला की मध्येच ‘वेळ संपली’ म्हणायचं, एवढंच काम. पठ्ठ्या अवाक्षर बोलला नाही. नंतर मी खडसावलं तर म्हणाला, मोठी माणसं बोलत असताना मध्ये तोंड घालू नये अशी आमच्या घरची शिकवण आहे. मी म्हटलं, शाब्बास! म्हणजे आता दोन मीटर चालू, आणि सल्ला मिळालेला एकच, तोही पहिल्या अर्ध्या तासातला. दुकानात नव्या शिलाई मशीनसाठी बाजूला ठेवलेले पैसे जवळजवळ गेलेच.

तू म्हणशील, मेल्या, मग पत्र कसलं लिहितोस, फोन कर. कसा करू? फोन चालू आहे. दुपारपासून चालू आहे, तो घेऊनच दुकानातून घरी आलो. डाव्या हाताने कानाला धरलाय आणि उजव्याने हे लिहितोय, म्हणून अक्षर असं. मधून मधून बाई विचारतात, ठेवताय ना? मी म्हणतो, तुम्ही ठेवलात की लगेच. तो तिसरा माणूस श्वास घेताना ऐकू येतो. काकांना नमस्कार, सर्वांना यथायोग्य, पत्राची पोच दे.

तुझा घायकुतीला आलेला भाचा,
बारक्या

ता. क. खरं काम राहिलंच. खाली बाईंचा नंबर लिहिलाय. तू आम्हा सगळ्यांत मोठी आहेस, त्यात शंका नाही. हे पत्र मिळताक्षणी त्यांना फोन करून दरडावून सांग, ठेवा! कुरियरला तीन दिवस लागतात, तोपर्यंत मी तग धरतो.

ता. क. २. थांब, फोन करू नकोस. तुझी भाचेसून कामावरून आली. दारात उभी राहून तिने चक्क पूर्ण वाक्य विचारलं, एवढं कोणाशी बोलताय? मी गडबडलो, आणि आपल्याकडे अशा वेळेला करतात तेच केलं, ‘हिच्याशी बोला’ म्हणून फोन तिच्या हातात दिला. आता ती आत बोलतेय. तीच त्या रात्रीची हकिगत सांगतेय, पहिल्यापासून. मी दाराला कान लावून आहे. तिला नवा दवाखाना सांभाळायला देताहेत गं! सगळा, एकटीला. आणि तिला भीती वाटतेय. सोळा वर्षं एका घरात राहून या बाईला भीती वाटू शकते हे मला माहीतच नव्हतं.

ता. क. ३. मी आत गेलो. तुला जमेल, असं म्हणालो. मीठ वगैरे काही नाही. तिने डोळे पुसले आणि मग जी बोलायला लागली आहे ती अजून थांबलेली नाही, माझ्याशी. फोन टेबलावर तसाच चालू आहे. बाई आणि तो माणूस दोघंही तिकडे गप्प बसून ऐकताहेत, आणि नवराबायको एवढं बोलत असताना मध्येच ठेवणं त्यांना बरं दिसत नाहीये. जमतील तेवढे पैसे पाठव.