न पाहिलेल्या मेंढरांचे दाखले

दादा,

चुलीपुढं बसून मी तुमचे इंग्रजी दाखले लिहायची, ते दिवस हल्ली फार आठवतात. मी नगरच्या कॉलेजात होते आणि तुम्ही जनावरांच्या दवाखान्यात. आपल्याकडची मेंढरं ट्रकनं मुंबईला आणि तिथून बोटीनं अरबांच्या मुलखात जायला लागली होती. मेंढरू प्रवासाला धड आहे, असा तुमच्या सहीचा दाखला लागायचा. तुमचं इंग्रजी बेताचं, माझं नवं नवं, त्यामुळे माझा तोरा काय विचारता! आई भाकरी थापता थापता म्हणायची, "डाक्टर तू हायेस का तुजा बाप?" आणि तुम्ही गालातल्या गालात हसायचा. ते हसू पुन्हा एकदा बघायला मिळावं असं फार वाटतं.

दुष्काळ पडला तसे ट्रक वाढले. मजकूर दरवेळी तोच, म्हणून मी शहाणपणा केला. पाच-सहा दाखले आधीच लिहून ठेवले, सगळी मेंढरं निरोगी आहेत म्हणून. सकाळी ते पाहून तुम्ही विचारलंत, "तू मेंढरं पाह्यलीस?" मी म्हटलं, "त्यात काय पाहायचं? रोज तेच तर लिहिते." तुम्ही कागद चुलीत घातलेत आणि मला तशीच ट्रकपाशी नेलंत.

तुम्ही वाकून एकेका मेंढीचं पोट चाचपत होतात. चार गाभण निघाल्या. त्या उतरवायला लावल्यात तेव्हा म्हातारा मेंढपाळ हात जोडून म्हणाला, "सायेब, घरी चारा न्हाई, पानी न्हाई. हितं मरायच्याच हायेत, जाऊ द्या." तुमचं तोंड उतरलं. "आरं बाबा, बोटीतच इत्याल. कोकरं पायाखाली जात्याल," एवढंच बोललात. मग त्या चौघींना दवाखान्याच्या आवारात ठेवून घेतलंत आणि आपल्या गाईचा निम्मा कडबा तिकडे गेला. आई आठवडाभर तुमच्याशी धड बोलली नाही. मलाही तुमचा रागच आला होता, जाळलेल्या कागदांपायी.

तुम्ही गेल्यावर मी दिल्लीला व्यापार खात्यात लागले. एका कराराच्या मसुद्यात मी अट घातली होती: बोटीवरच्या जनावरांना पाणी आणि बसायला जागा मिळावी, गाभण जनावर चढवू नये. दोन दिवस भांडले. समोरचे म्हणाले, यानं व्यापार अडतो. आमचेच साहेब म्हणाले, "बाई, मेंढरांपायी करार मोडायचा का?" तिसऱ्या दिवशी अट गळाली आणि त्या कागदावर मीही सही केली. तुम्ही काय केलं असतंत, हे मला पक्कं ठाऊक होतं.

संध्याकाळी आईला फोन लावला. करार झाला म्हटल्यावर ती हरखली. "आज तुजा बाप हवा हुता गं," म्हणाली. मी हो म्हटलं. पत्ता असता तरी हे पत्र मी टाकलं नसतं, दादा. एरवी प्रत्येक दिवशी तुम्ही हवे होतात. त्या संध्याकाळी मात्र तुम्ही नाही, याचं मला हायसं वाटलं.